वली तर तुमच्याच घरात आहे

पत्र

ताई, सलाम.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. माझा मोठा भाऊ मागच्या रब्बीत रात्रीच्या लायनीवर हरभऱ्याले ओलित करताना पान लागून (साप चावून) गेला. मागं भाभी अन् तीन लेकरं. मोठी पोरगी दहा वर्षांची, पोराले या नोव्हेंबरात सात पूर्ण होतात, लहानी चारची. इद्दत (नवऱ्यामागं पाळायची मुदत) झाल्यावर भाभी लेकरं घेऊन माहेरी गेली. आता तिथं तिच्या दुसऱ्या निकाहाची गोष्ट चालू आहे. सरकारी 2 लाख मिळाले, ते तिच्या खात्यात आहेत.

जमातीच्या बैठकीत सगळ्यायनं मले लेकरायचा वली, म्हणजे पालक, ठरवलं. तलाठ्यानं सातबाऱ्यावर लेकरायच्या नावापुढं अ.पा.क. म्हणून माझंच नाव टाकलं. भावाच्या नावावर 4 एकर 32 गुंठे होते. बँकेचं पीककर्ज अन् कृषी केंद्राची उधारी मिळून दोन लाखाच्या आसपास होते. एक एकर विकून फेडून टाकतो म्हणतो. गिऱ्हाईक पाहिलं, 50 हजार इसार घेतला. तर भाभीचा भाऊ म्हणते, तू कोण विकणारा?

अम्मी नाही. अब्बा आहेत, पण लकव्यानं बाजेवर. बोलतात, समजते त्यायले, पण बाहेर निघणं नाही. त्यायच्या नावावर वेगळे नऊ एकर आहेत. एक बहीण आहे, तिचं लग्न झालं. मौलानासाहेब म्हणतात, बाईनं परक्याशी निकाह केला तर लेकरं बापाच्या खानदानीत येतात. मग लेकरं आमचेच ना? अन् वली मी नाही तर कोण? मी काही कोणाचं खाऊन राहिलो नाही.

— एक चाचा

उत्तर

भाऊ, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच घरात बाजेवर आहे. या तीन लेकरांच्या जमिनीचे वली तुमचे अब्बा आहेत. तुम्ही नाही, भाभी नाही, आणि तिचा भाऊ तर नाहीच. पण त्यानं विचारलेला प्रश्न मात्र बरोबर आहे.

आपल्या भागातले बहुतेक मुसलमान हनफी (शरियतच्या एका शाखेचे), म्हणून त्याच हिशेबानं सांगते. नाबालिग लेकराच्या मालमत्तेचे वली चारच. पहिला बाप. बाप नसेल तर बापानं वसीयतीत नेमून ठेवलेला वसी. तो नसेल तर दादा, म्हणजे बापाचा बाप. आणि त्यानंतर दादानं नेमलेला वसी. यादी इथं संपते. पुढचा अधिकार काझीचा, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा न्यायालयाचा. चाचा, मामू, मोठा भाऊ, एवढंच काय, जन्म दिलेली आईसुद्धा या यादीत नाही. आई नाही हे मला स्वतःला पटत नाही, ते इथं सांगून ठेवते. त्यावर वाट आहे, ती पुढे येईल.

लेकरं सांभाळली, शाळेत घातली, दवाखान्यात नेली, तर माणूस व्यवहारातला पालक होतो. त्याला दाणापाणी, कपडालत्ता, औषध यांसाठी लेकराची एखादी जंगम वस्तू विकायची मुभा आहे. शेत किंवा घर विकायची नाही, गहाण ठेवायचीही नाही. हे वकिलांचं नुसतं मत नाही. 1918 साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात हेच ठरवलं. निकाल लिहिणारे होते सय्यद अमीर अली, मुस्लिम कायद्याचे त्या काळातले मोठे जाणकार. तिथं आईनं लेकरांचा हिस्सा विकला होता, तरी विक्री उभी राहिली नाही. 1952 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मोहम्मद अमीन विरुद्ध वकील अहमद हे प्रकरण आलं. त्यात मोठ्या भावानं धाकट्याच्या वतीनं घरगुती तडजोडीच्या कागदावर सही केली होती. कोर्ट म्हणालं, तडजोड लेकराच्या फायद्याची असली तरी भाऊ वली नव्हता, म्हणून कागद रद्दबातल. 1996 मध्ये पुन्हा एका आईच्या विक्रीचं तेच झालं.

तेव्हा तुमचा हेतू किती स्वच्छ आहे, कर्ज खरं आहे का, भाव बरोबर मिळाला का, यातलं काहीही तुमच्या सहीला वजन देत नाही. तुम्ही खरेदीखत करून दिलं तर तो कागद पहिल्या दिवसापासून निकामी. गिऱ्हाईकाचे पैसे अडकतील, आणि पोरगा अठराचा झाला की चाचावर आणि गिऱ्हाईकावर दावा लावेल. तुम्ही खाल्लं नसेल, पण कोर्टात उभं तर राहावं लागेल.

आता जमातीचं. त्यांनी तुम्हाला वली ठरवलं ते वाईट बुद्धीनं नाही, आणि उगाचही नाही. निकाहाच्या बाबतीत चाचा खरंच वली असतो. बाप नाही, दादा नाही, भाऊ नाबालिग, तर पुतणीच्या निकाहात चाचाचा नंबर लागतो. गावात चाचाला वली म्हणून बसलेलं लोक पाहतात ते निकाहाच्या मजलिसीत, आणि तोच मान मग शेतावर लागू करतात. शरियतनं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आणि विषय निघालाच आहे म्हणून, मोठी पोरगी दहाची आहे. तुमच्या घरी तर अजून दादा हयात आहेत, म्हणजे तो नंबरही तुमचा नाही. शिवाय 2006 च्या कायद्यानं अठराच्या आत लग्न लावणारे, त्यात वली म्हणून बसणारे, सगळेच गुन्हेगार ठरतात. तुम्ही तसं काही लिहिलं नाही. पण बाप गेलेल्या पोरीचं "लवकर उरकून टाका" म्हणणारे बैठकीत दोन-चार असतातच.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. सातबाऱ्यावरचा हा शेरा महसुलाच्या सोयीसाठी आहे. नाबालिगाच्या नावापुढे कोणाला नोटीस द्यायची, कोणाशी बोलायचं, एवढंच त्यातून कळतं. तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कोणाला वली नेमायचा अधिकार नाही. हिंदू वाचकांनीही इथं कान द्यावा. 1956 च्या कायद्यानं तुमच्याकडे आई-बाप नैसर्गिक पालक असले तरी नाबालिगाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांनाही विकता येत नाही, आणि अ.पा.क. च्या जोरावर झालेल्या विक्रीचे दावे तुमच्याही भाऊबंदकीत भरपूर आहेत.

विकायला काढलेला तो एक एकर नेमका कोणाचा, ते बघू. 4 एकर 32 गुंठे म्हणजे 192 गुंठे. आधी भावाचं कर्ज वजा करायचं, आणि त्या कर्जातच भाभीचा न दिलेला मेहर (निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम) येतो. निकाहनामा काढून बघा. मेहर दिला नसेल तर बँकेसारखीच तीही घेणेकरी आहे, आणि वारसांच्या वाटण्या तिच्या देण्यानंतर. उरलेल्यात लेकरं असल्यामुळे बेवेला (विधवेला) आठवा हिस्सा, 24 गुंठे. मयताच्या बापाला सहावा, 32 गुंठे. राहिले 136 गुंठे, ते लेकरांत, पोराला पोरीच्या दुप्पट. पोराचे 68, दोघी पोरींचे 34-34. झाली बेरीज. मयताचा पोरगा आणि बाप दोघंही हयात असल्यामुळे भावाला, म्हणजे तुम्हाला, यात एक गुंठाही नाही. 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा अपवाद लिहिलेला आहे, एखादा वकील त्यावर बोट ठेवेल. पण आपल्याकडे मुसलमान घराचे वारस फेरफार मुस्लिम वारसा कायद्यानंच होत आले आहेत. तुमच्या फेरफारात अब्बांचं आणि भाभीचं नाव लागलंय का? नुसती लेकरांची नावं आणि तुमचा अ.पा.क. असेल, तर फेरफारच चुकला आहे. तो आधी दुरुस्त करून घ्या.

मग कर्जाचं काय? दोन लाखासाठी एकर विकायची घाई मला कळली नाही. बँकेला वारस माहीत आहेत, आणि वारसांची जबाबदारी मयताच्या मालमत्तेपुरतीच आहे. बँकेत मृत्यूचा दाखला देऊन हप्ते किंवा एकरकमी तडजोड मागा. कृषी केंद्रवाल्याची उधारी बिलं बघून मान्य करा, वहीतला आकडा बघून नाही. विहिरीचं ओलित आहे, तर जमीन ठोक्यानं (ठरल्या भाड्यानं कसायला) द्या. दोन-तीन हंगामांत बरंच फिटेल. तुम्ही स्वतः वाहणार असाल तरी हरकत नाही, पण मग तुम्हीही ठोकेदार. गावात चालतो तो दर, लेखी चिठ्ठी, आणि लेकरांच्या हिश्शाचे पैसे लेकरांच्या खात्यात. भाभीच्या खात्यातल्या 2 लाखांकडे कोणी बघू नये. त्यातलं काय कर्जात घालायचं, ते तिनं ठरवायचं.

अब्बा वली आहेत म्हणून त्यांनी आता अंगठा द्यावा आणि एकर विकावा, असं तुमच्या मनात येत असेल, तर तिथंही थांबा. दादालाही नाबालिगाची जमीन मनाला येईल तशी विकता येत नाही. दुप्पट किंमत येत असेल, मयताचं कर्ज फेडायला दुसरं साधनच नसेल, लेकरांच्या पोटाला दुसरं काही नसेल, जमिनीचा खर्च उत्पन्नाच्या वर जात असेल किंवा ती हातची जायची वेळ आली असेल, अशा मोजक्या कारणांसाठीच फिकहमध्ये (शरियतच्या कायदेशास्त्रात) परवानगी आहे. ठोक्याच्या पैशानं कर्ज फिटत असताना "दुसरं साधन नाही" हे कोणत्या तोंडानं म्हणणार?

मौलानासाहेब जे म्हणाले ते किताबात आहे, पण त्यांनी अर्धंच सांगितलं, किंवा तुम्ही अर्धंच ऐकलं. जमिनीची यादी पुरुषांची आहे, तशी मांडीची यादी बायकांची आहे. लेकरं जवळ ठेवून सांभाळायच्या या हक्काला हिजानत म्हणतात. हनफी हिशेबानं पोरगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि पोरगी वयात येईपर्यंत आईजवळ. आईनं लेकराला परक्या असलेल्या माणसाशी निकाह केला तर तिचा हक्क जातो, इथपर्यंत मौलानासाहेब बरोबर. पण जातो तो कुठे? चाचाकडे नाही. आधी नानीकडे. नानी नसेल तर दादीकडे. मग बहिणी, मग खाला (मावशी), मग फुफी (आत्या). या सगळ्या बायका संपल्यावर पुरुषांची पाळी येते, आणि त्यातही आधी दादा. चाचा बराच खाली. तुमच्या पत्रावरून लेकरांची नानी आहे की नाही ते कळत नाही. नसेल तर खाला असेल. त्यातलं कोणीच नसलं, तरी तुमची बहीण, लेकरांची फुफी, तुमच्या आधी आहे.

बुखारीत, म्हणजे हदीसच्या संग्रहात, एक प्रसंग आहे, तो मौलानासाहेबांना नक्की माहीत असणार. रसूलल्लाहांचे चाचा हमजा शहीद झाल्यावर त्यांच्या पोरीवर तिघांनी हक्क सांगितला. अली म्हणाले, माझ्या चाचाची पोरगी. जाफर म्हणाले, माझ्याही चाचाची, आणि हिची खाला माझ्या घरात आहे. जैद म्हणाले, माझ्या भावाची. नात्यानं अली आणि जाफर सारखेच. रसूलल्लाहांनी पोरगी जाफरच्या घरी दिली, ती जाफरसाठी नाही, खालासाठी. खाला आईच्या जागी असते, असं ते म्हणाले. बापाचं रक्त म्हणून भांडणाऱ्या प्रत्येक खानदानीनं हे एकदा वाचावं.

आणि कोर्ट? ही यादी कोर्टही बघतं, पण तिच्यावर थांबत नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. त्याच्या कलम 17 मध्ये लेकराचं हित आधी येतं. त्याचा स्वतःचा कायदा, वय, धर्म, मागणाऱ्याचं चारित्र्य आणि ऐपत, नात्याची जवळीक, मयत आईबापाची इच्छा, आणि लेकरू समजतं झालं असेल तर त्याचं म्हणणं, हे सगळं हित ठरवण्यासाठी बघतात. मागणाऱ्याचा लेकराच्या मालमत्तेशी काय संबंध आहे, तेही तिथंच लिहिलेलं आहे. शेजारच्या धुऱ्यावरचा, एक एकराचा इसार घेऊन बसलेला चाचा न्यायाधीशाला कसा दिसेल, ते तुम्हीच बघा. केवळ दुसरा निकाह केला म्हणून कोर्ट आईकडून लेकरं काढून घेतंच असं नाही. नवा नवरा कसा आहे, घरात लेकरांना जागा आहे का, पोरगी काय म्हणते, हे सगळं विचारतात.

माझं म्हणणं मागाल तर तिन्ही लेकरं एकत्र, आणि आता आहेत तिथंच राहू द्या. नोव्हेंबरात पोरगा सातचा होईल, किताबानं दादाकडे येऊ शकेल, हे खरं. पण लकव्यानं पडलेला दादा त्याला काय सांभाळणार? सांभाळेल तुमची बायको, जिला या सगळ्यात कोणी विचारलेलं नाही. बाप गेलेल्या पोराला दोन बहिणींपासून तोडून आणायचं, ते वंशाचा दिवा म्हणून की सातबाऱ्यावरचे 68 गुंठे म्हणून? राग मानू नका, पण पोरींना आणायचा आग्रह तुमच्या पत्रात मला कुठं दिसला नाही. "लेकरं आमचेच ना" यात सगळी आली म्हणा. पण वयाचा हिशेब तुम्ही महिन्यासकट लिहिला तो पोराचाच.

तुमचं नातं यानं कमी होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, ईदला लेकरं दादाकडे येतील, आली पाहिजेत. अब्बांनाही नातवंडांचा हक्क आहे. हे तोंडी ठेवू नका, दोन्हीकडच्या चार माणसांसमोर लिहून ठरवा. गावात काहीजण दिराशीच निकाह लावा म्हणत असतील, कारण चाचा लेकरांचा परका नसतो आणि मग आईची हिजानत जात नाही. फिकहनं ते खरं आहे. पण तुमचं घर भरलेलं आहे आणि भाभीनं तसं काही म्हटलेलं नाही, तेव्हा त्या वाटेला कोणी जाऊ नये.

जमिनीसाठी मात्र आता काहीतरी पक्कं करायला हवं. अब्बा आज बोलतात, समजतं. उद्याचं कोणी पाहिलं? अब्बा गेले आणि मागं वसी नसला, तर लेकरांच्या जमिनीला वलीच उरत नाही. आईला किताबानं वली म्हटलं नाही हे मघाशी लिहिलं, त्यावरची वाट ही. तुमचे अब्बा वसीयतीत भाभीला वसी नेमू शकतात. हनफी फिकहमध्ये बाई वसी होऊ शकते. किंवा भाभीनं 1890 च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा आणि अब्बांनी त्याला लेखी संमती द्यावी. आईला मालमत्तेची पालक नेमायला कोर्टाला कसलीच अडचण नाही. कोर्टानं नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. पाच वर्षांच्या वर, किंवा लेकरू सज्ञान झाल्यावर वर्षापलीकडे जाईल असा पट्टाही देता येत नाही. कोर्ट मागेल तेव्हा हिशेब द्यावा लागतो. हे जाच वाटतील, पण लेकरांचं भलं त्यातच आहे. भाभीचा नवा नवरा असो की तुम्ही, कोणाचाच हात मग सहज पोचणार नाही. तुम्हालाही अर्ज करता येतो, कायदा चाचाला अडवत नाही. पण तुमचं शेत लागून, ठोका बहुधा तुमचाच, आणि एक इसार आधीच झालेला. त्यापेक्षा आई पालक आणि चाचा ठोकेदार, हे दोघांच्याही तोंडावर स्वच्छ राहील.

वकिलाच्या फीची काळजी नको. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाई आणि लेकरू यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते, किंवा 15100 वर फोन करायचा. त्याच फेरीत बालसंगोपन योजनेचा अर्जही करावा. बाप गेलेल्या लेकरामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज, बाल कल्याण समिती मंजूर करते. भाभीला हे कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा. चाचाचं काम म्हणजे असलं काम.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं, ते. अब्बांचे नऊ एकर.

तुमचा भाऊ अब्बांच्या आधी गेला. उद्या अब्बा गेले की त्यांचे वारस दोन, तुम्ही आणि तुमची बहीण. भाऊ हयात असता तर त्याला तुमच्याएवढा हिस्सा होता. तो आधी गेला, आणि दादाचा एक मुलगा, म्हणजे तुम्ही, हयात आहात, म्हणून त्याची लेकरं दादाच्या मालमत्तेतून पूर्ण बाहेर पडतात. महजूब होतात. नऊ एकरांतले सहा तुमचे, तीन बहिणीचे, आणि त्या तिघांना शून्य. पाकिस्तानात 1961 साली कायदा करून हे बदललं, आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. म्हणजे तुम्ही वली असा-नसा, लेकरं कोणाकडेही राहोत, भावाच्या अकाली जाण्यानं तुमच्या वाट्याला जास्त जमीन आली आहे. तुम्ही हे केलेलं नाही, कायद्यानं होऊन राहिलं आहे. पण "मी कोणाचं खाऊन राहिलो नाही" हे लिहिताना हा हिशेब तुमच्यासमोर असायला हवा होता.

शरियतनंच यावर दोन वाटा ठेवल्या आहेत. एक वसीयत. आपल्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतची वसीयत माणूस वारस नसलेल्या कोणालाही करू शकतो, वारसांना न विचारता. नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच ती त्यांना लागते. नऊ एकरांतले तीन एकर झाले. दुसरी हिबा, म्हणजे हयातीतलं बक्षीस. त्याला तिसऱ्या हिश्शाची मर्यादा नाही, पण ताबा द्यावा लागतो. बाप नसलेल्या नातवाला दादानं हिबा केला तर दादाच त्याचा वली, म्हणून त्यानं जाहीर केलं की ताबा झाला असं धरतात. हनफींमध्ये न वाटलेल्या सामाईक हिश्शाचा हिबा वादात सापडतो, म्हणून मोजणी करून, गट आणि चतुःसीमा दाखवूनच कागद करावा. हिबा तोंडीही होतो, वसीयतही तोंडी होते, पण तोंडी व्यवहार गावातल्या पहिल्या भांडणात उडून जातो. रजिस्ट्री करा. अब्बांना नेता येत नसेल तर तसं कारण दाखवून अर्ज दिल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, नोंदणी कायद्यात ती सोय आहे. त्याआधी डॉक्टरांचं एक पत्र घ्या, की अब्बांना समजतं आणि ते स्वतःच्या मनानं बोलतात. साक्षीदार म्हणून तुम्ही राहू नका, बहिणीचा नवराही नको.

कुराणातल्या सूरह निसामध्ये वाटणीच्या वेळी नातेवाईक, यतीम (बाप गेलेली लेकरं) आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या, असं आठव्या आयतीत आहे. दहाव्या आयतीत यतीमांचा माल अन्यायानं खाणाऱ्यांबद्दल जे आहे ते तुम्हाला मजलिसीत ऐकून पाठ असेल. सहावी आयत कमी सांगितली जाते. यतीम शहाणे झाले की त्यांचा माल साक्षीदारांसमोर हाती द्या, आणि सांभाळणारा सुखवस्तू असेल तर त्यानं त्यातलं काही घेऊ नये, गरीब असेल तर रीतीप्रमाणे घ्यावं. एवढ्या आधीपासून हिशेब आणि साक्षीदार मागितलेत, आणि आपल्या बैठका अजून "घरचाच माणूस आहे" म्हणून उठतात.

हे अब्बांकडे कोण काढणार, तर तुम्हीच. भाभीचा भाऊ काढेल तर ते भांडण होईल. तुमच्या बहिणीला बोलवा, तिच्या वाट्यावरही परिणाम होतो, तिला आधी सांगितलं पाहिजे. मौलानासाहेबांनाही बसवा. मघाशी मी त्यांच्याबद्दल बोलले, पण वसीयतीच्या बाबतीत ते तुमच्याशी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील.

आणि त्याच्या आधी, या आठवड्यातच, इसाराचे 50 हजार गिऱ्हाईकाला परत करा. रोख देऊ नका, खात्यावर टाका. इसारपत्राची मूळ प्रत परत घ्या आणि तिच्या मागे "व्यवहार रद्द, रक्कम पोचली" असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. तो तक्रार करेल, वर काही मागेल. त्याला सांगा, जमीन विकायचा अधिकार मला नव्हता.

— तुमची ताई